हे कुठे पाहिलंत?

व्हॅन डर गीर, हानराड्स आणि लप्टन या तिघांचा ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’ हा निबंध जवळपास चारशे शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत सापडतो. साल २०००, खंड १६३, पृष्ठं ५१ ते ५९. सगळं कसं नेटकं. अडचण एवढीच, की असा निबंध कुणी कधी लिहिलेलाच नाही आणि ज्या नियतकालिकाचं नाव पुढे दिलंय तेही कधी निघालेलं नाही. संदर्भ कसा लिहावा हे लेखकांना कळावं म्हणून एका बड्या प्रकाशनसंस्थेने तो नमुना रचला होता. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांना तो खटकला आणि मग शोधाशोध झाली. नमुन्याची फाइल उघडून तिच्यातच आपला मजकूर भरणाऱ्या पुष्कळांनी ती ओळ पुसलीच नव्हती. लेखक, सहलेखक, परीक्षक, संपादक अशा किती नजरा त्या ओळीवरून फिरल्या असतील, आणि एकालाही थांबावंसं वाटलं नाही.

हसू येतं खरं, पण आपल्याकडच्या प्रबंधांची शेवटची पानं उलटली की ते मावळतं. मराठी विभागातल्या प्रबंधाच्या सूचीचा साचा ठरलेला आहे. आधी आधारग्रंथ, मग संदर्भग्रंथ, मग नियतकालिकं, मग कोश, आणि अलीकडे सगळ्यांत शेवटी संकेतस्थळं. या शेवटच्या मथळ्याखाली कधी कधी नुसतं ‘गूगल’ असं लिहिलेलं असतं. पत्रातल्या मजकुराला पुरावा काय, तर पोस्टमनचं नाव. कोशांमध्ये मोल्सवर्थ हटकून असतो, मग प्रबंध ग्रामीण कवितेवर असो की दलित आत्मकथनांवर. ‘संदर्भ किती झाले?’ असं मार्गदर्शक विचारतात, विद्यार्थी आकडा सांगतो, आणि ‘शंभराच्या वर जाऊ द्या’ असा सल्ला मिळतो. ‘हे तुम्ही कुठे पाहिलंत?’ असं मौखिकीत क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते संशोधनात विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे. नियम, सॉफ्टवेअर, शैलीपुस्तिका यांचा जो पसारा आपण उभा केलाय, त्याने हा प्रश्न विचारायची गरजच संपवून टाकली आहे.

नियमांपासून सुरुवात करू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियमावली आणली. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. दहा ते चाळीस टक्के सापडलं तर प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा, चाळीस ते साठ सापडलं तर वर्षभर सादर करायला बंदी, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळायचं. सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दही माफ. या नियमांआधी काय अंदाधुंद होती ती ज्याने पाहिली आहे, तो त्यांना सरसकट नावं ठेवणार नाही. पण यंत्र मोजतं काय? एका मजकुराचं दुसऱ्या मजकुराशी असलेलं साम्य. विद्यार्थ्याने पुस्तक वाचलंय का, पान बरोबर आहे का, त्या पानावर तो म्हणतो तेच लिहिलंय की उलटं, यातलं काहीच यंत्राला कळत नाही. उलट संदर्भसूची मोजणीतून वगळायची हा नियमच असल्यामुळे तिच्याकडे पाहण्याचं यंत्राला काही कारणही उरत नाही. अस्तित्वात नसलेल्या दोनशे पुस्तकांची यादी जोडलेला प्रबंध शून्य टक्के साम्याचं प्रमाणपत्र मिरवू शकतो.

मराठीत तर याहून गंमत आहे. आयोगाच्या २००९च्या नियमांनुसार प्रबंधाची संगणकीय प्रत देणं बंधनकारक झालं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर आज पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. कुणालाही, घरबसल्या, फुकट. ही सोय किती मोठी आहे हे ज्याने एका प्रबंधासाठी एसटीने दुसऱ्या विद्यापीठाचं ग्रंथालय गाठलंय त्यालाच कळेल. पण तिथला पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा एखादा मराठी प्रबंध उघडा आणि त्यातला परिच्छेद कॉपी करून बाहेर चिकटवा. पडद्यावर जे सुबक देवनागरी दिसत होतं, त्याची रोमन अक्षरं, उद्गारचिन्हं आणि कंस यांची खिचडी होते. कारण प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो; डोळ्यांना मराठी, संगणकाला अगम्य. बाकीचे प्रबंध म्हणजे झेरॉक्सचे स्कॅन, ती नुसती चित्रंच. अशा साठ्यातला मजकूर शोधयंत्राला सापडत नाही आणि साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरलाही दिसत नाही. म्हणजे प्रामाणिक विद्यार्थ्याला हवं ते सापडत नाही, आणि दुसऱ्याच्या प्रबंधातलं प्रकरण युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घेणारा पकडलाही जात नाही. इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण मराठीत उतरवून काढलं तर विचारायलाच नको. टायपिस्टला दिलेले पैसे एवढीच त्याची किंमत.

दुसरा पसारा शैलीचा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची शैली १९२९ साली एका नियतकालिकातल्या सात पानांच्या लेखातून सुरू झाली. आज तिची सातवी आवृत्ती चारशेहून अधिक पानांची आहे. मानसशास्त्राच्या नियतकालिकांसाठी घडलेला हा साचा आता मराठीच्या विद्यार्थ्यालाही लावला जातो. मग कुसुमाग्रज ‘क’मध्ये घालायचे की शिरवाडकर म्हणून ‘श’मध्ये, शके १८१८ चं इसवी साल कंसात द्यायचं की नको, यावर मार्गदर्शनाचे तास खर्च होतात. स्वल्पविराम पुढे-मागे झाला म्हणून पानं परत येतात. एकसारखेपणा हवाच; पण तो साधला म्हणजे संदर्भ झाला, असा जो समज पसरलाय तो चुकीचा आहे.

उदाहरण म्हणून तुकारामांचा एक अभंग घेऊ. प्रबंधात अवतरण असतं आणि खाली टीप असते: ‘तुकाराम गाथा, अ. क्र. अमुक’. कुठली गाथा? विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सरकारी मदतीने सिद्ध केलेली १८६९ आणि १८७३ची इंदुप्रकाश छापखान्याची गाथा आहे. तिच्यावरून सरकारने विसाव्या शतकाच्या मध्याला पुन्हा छापलेली आहे. जोगमहाराजांची सार्थ गाथा आहे, देहूकरांची आहे, शिवाय आळंदी-पंढरपूरच्या दुकानांतून मिळणाऱ्या कितीतरी. अभंगांची संख्या सगळ्यांत सारखी नाही, क्रमही वेगळे आणि पाठही ठिकठिकाणी वेगळे. आवृत्ती न सांगता दिलेला अभंगक्रमांक म्हणजे गावाचं नाव न लिहिता दिलेला घरक्रमांक. स्वल्पविराम कितीही अचूक असला तरी त्या टिपेवरून मला त्या ओळीपाशी पोचता येत नाही. ज्ञानेश्वरीचं त्यातल्या त्यात बरं. अध्याय आणि ओवी दिली की माणूस जवळपास तरी पोचतो. पण विद्यार्थी एखाद्या शब्दाच्या रूपावरून काही सिद्ध करू पाहत असेल, तर राजवाड्यांनी १९०९ साली छापलेल्या प्रतीतलं रूप आणि सांप्रदायिक प्रतींतलं रूप यांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो पाठभेदांचा गोंधळ पाहूनच. आणि साडेचारशे वर्षांनंतरही आपले विद्यार्थी ‘ज्ञानेश्वरी, पृ. ३१२’ अशी टीप देतात.

नेमकेपणाचा आग्रह बाहेरून आणायची गरज नाही, तो पुण्यातच आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं कुठलंही पान उघडून पाहा. वर चार-सहा श्लोक, आणि त्याखाली बारीक टाइपात पानभर पाठभेद. कुठल्या प्रतीत हा शब्द कसा आहे, कुठल्या प्रतीत हा अर्धश्लोकच नाही. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्यांना एकेक खूण दिलेली. १९१९ ते १९६६ एवढा काळ आणि १२५९ हस्तलिखितं या कामात गेली. या आवृत्तीचे संपादक सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचकाला सांगितलं ते असं: आम्ही हा पाठ निवडला, पण न निवडलेलेही इथेच आहेत, पटत नसेल तर तुम्ही वेगळा निवडा. संदर्भाचं काम ते हेच. वाचकाला लेखकाशी भांडायला लागणारं साहित्य लेखकानेच पुरवायचं असतं.

मराठी प्रबंधांत मात्र वाचकाला वाट दाखवण्यापेक्षा चुकवायची सोय जास्त. ‘उनि’ आणि ‘तत्रैव’ ही त्यातली लाडकी जोडी. उनि म्हणजे वर निर्देशिलेलं पुस्तक. ते शोधायला मागे जावं तर अठ्ठावीस टिपांपूर्वी एका लेखकाची दोन पुस्तकं सलग आलेली असतात आणि यातलं ‘उनि’ कुठलं हे देवालाच ठाऊक. संगणकावर प्रकरणांची उलटापालट केली की ‘तत्रैव’, म्हणजे ‘तिथेच’, भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटतं. टीप पुन्हा पूर्ण लिहायला काय जातं? दोन ओळी जास्त जातील. कागद इतका महाग झालेला नाही.

याहून गंभीर आहे ते परभारे घेतलेलं अवतरण. ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक १८६७ ते १९३७ अशी सत्तर वर्षं चाललं. त्याचे अंक पाहायचे तर ठाणे, मुंबई, पुणे इथल्या जुन्या ग्रंथालयांत जाऊन बसायला हवं. नांदेड-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला ते सहज जमणारं नाही. मग तो वाङ्मयेतिहासाच्या खंडात आलेलं अवतरण उचलतो. त्यात गैर काहीच नाही. गैर इथून पुढे होतं: टिपेत तो वाङ्मयेतिहासाचं नाव न देता थेट ‘विविधज्ञानविस्तार, अमुक वर्ष, अमुक अंक’ असं लिहितो. ‘अमक्याच्या ग्रंथात उद्धृत’ असं लिहिलं तर परीक्षकाला ते दुय्यम वाटेल, अशी त्याला भीती असते, आणि ती अगदीच खोटी नसते. परिणाम असा, की वाङ्मयेतिहासाच्या लेखकाकडून अंकाचा क्रमांक चुकला असेल तर ती चूक पाच प्रबंधांत जाते. सहाव्याला ते पाच स्वतंत्र पुरावे वाटतात.

शिवजन्माच्या तारखेचं प्रकरण या दृष्टीने फिरून वाचण्यासारखं आहे. उत्तरकालीन बखरींच्या आधाराने शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७, हे साल दीर्घकाळ रूढ होतं. मागची बखर पुढच्या बखरीत उतरत गेली आणि साल पक्कं होत गेलं. मग जेधे शकावली उजेडात आली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तंजावरला परमानंदांच्या शिवभारताची पोथी मिळाली, तिच्यातही तेच. जोधपूरला मिळालेली जन्मकुंडली त्याला दुजोरा देणारी. एक मावळातल्या देशमुखाच्या घरची नोंद, दुसरं संस्कृत काव्य, तिसरी राजस्थानातली कुंडली. एकमेकांवरून नक्कल करण्याचा संभव कमी असलेले तीन कागद बखरींच्या ढिगाला पुरून उरले. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ साली. तारखेचा वाद काहींच्या मते अजून मिटलेला नाही, तो असो. माझा मुद्दा असा, की ‘पुष्कळांनी म्हटलंय’ आणि ‘पुष्कळ ठिकाणांहून कळतंय’ यांतला फरक कागद कुठून कुठे गेला हे सांगितल्याशिवाय दिसत नाही. ‘उद्धृत’ हा शब्द लपवणारा विद्यार्थी नेमका तोच मार्ग पुसतो.

विद्यार्थ्यालाच झोडपून भागणार नाही. मराठीत शोधायचं म्हटलं तर शोधायचं कुठे? शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूची केली. पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांचा, दुसरा १९३८ ते १९५० चा. नियतकालिकांतल्या लेखांची सूचीही दाते, काळे, बर्वे यांनी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातर्फे केली, तीही १९५० पर्यंतची. पुढच्या काळासाठी सुट्या सूच्या आहेत, एकेका मासिकाच्या, एकेका लेखकाच्या. पण १९५० नंतरच्या मराठी नियतकालिकांचं सगळं लेखन एका ठिकाणी शोधता येईल असं साधन आजही हाताशी नाही. म्हणजे ‘सत्यकथा’चा बहराचा काळ, लघुनियतकालिकं, दलित साहित्याची चळवळ, स्त्रीवादी लेखन, हजारो दिवाळी अंक, हा सगळा ऐवज अर्धा अंधारात. दिवाळी अंक तर ग्रंथालयं वर्ष-दोन वर्षांत रद्दीत काढतात, कारण ते ‘ग्रंथ’ या सदरात बसत नाहीत. उद्या कुणाला १९७५ च्या दिवाळी अंकांवर काम करायचं असेल तर त्याला खासगी संग्राहकांच्या माळ्यावर चढावं लागेल.

इंटरनेटवर जुनी मराठी पुस्तकं भरपूर आहेत. सरकारी प्रकल्पांतून स्कॅन झालेली हजारो पुस्तकं ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर पडून आहेत. पण त्यांची नावं रोमन लिपीत कुणी घाईघाईत भरलेली. ‘ज्ञ’ रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहितात, ‘ळ’चा ‘ल’ होतो, लेखकाच्या जागी प्रकाशक आणि प्रकाशकाच्या जागी छापखाना. सराईत माणूस एकच नाव पाच स्पेलिंगांनी टाकून पाहतो, नाहीच सापडलं तर नुसतं आडनाव आणि साल. ही युक्ती मी कुठल्याही संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. तिथे गृहीतकाचे प्रकार असतात, नमुनानिवडीचे प्रकार असतात. कपाट कसं उघडायचं ते नसतं.

पैसा नाही म्हणावं तर तसंही नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिकं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचा उपयोग होईल, आणि व्हावाच. पण हा पैसा मुख्यतः परदेशी इंग्रजी नियतकालिकांकडे जातो. मराठी नियतकालिकांची पंच्याहत्तर वर्षांची सूची करायला याच्या किती टक्के लागतील? टक्का तरी लागेल का? माणसं कोण देणार, हा खरा प्रश्न. सूची करणं ही हमाली समजली जाते. ‘अमक्याच्या कवितेतील निसर्ग’ या विषयाला पीएच.डी. सहज मिळते, एका मासिकाच्या चाळीस वर्षांची टिपांसह सूची करतो म्हणणाऱ्याला ‘यात संशोधन काय?’ असं विचारतात. निसर्गावरचा प्रबंध सादर झाल्यावर सहसा कुणी उघडत नाही. सूची पन्नास वर्षं वापरली जाते. दात्यांची तर त्याहून जास्त वापरली गेली.

या पोकळीत आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी २०२३ साली ‘चॅटजीपीटी’ने रचलेले, कधीच न दिले गेलेले निकाल न्यायालयापुढे दाखले म्हणून ठेवले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. तिथे फसवणूक उघडी पडली, कारण समोर विरुद्ध पक्षाचा वकील होता आणि दाखला काढून पाहणं हे त्याचं कामच होतं. प्रबंधाला विरुद्ध पक्ष नसतो. मराठी लेखांचे संदर्भ या यंत्राला मागून पाहा: लेखक खरा, मासिक खरं, साल पटण्यासारखं, लेखाचं नावही त्या लेखकाला शोभणारं, लेख मात्र कुठेच नाही. आणि मराठीची १९५० नंतरची सूचीच नसल्यामुळे तो नाही हे सिद्ध करायला कुणीतरी अंक चाळत बसायला हवं. यंत्राला दोष देऊन काय होणार? नमुन्यातली ओळ न वाचता तशीच पुढे ढकलणारे ते चारशे निबंध यंत्राने लिहिले नव्हते.

छापील नसलेल्या गोष्टींचा संदर्भ द्यायचा कसा, असं लोकसाहित्याचे विद्यार्थी विचारतात. त्याचंही उत्तर इथेच तयार आहे. गी प्वातव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या साठ्यात ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. लोकगीतांच्या कितीतरी संग्रहांत ‘एक वृद्ध स्त्री’ एवढ्यावर जिची बोळवण होते, ती इथे नावागावानिशी लेखिका म्हणून उभी आहे. नाव लिहायला एकच ओळ लागली, पण त्यासाठी आधी तिला नाव विचारावं लागलं.

मग करायचं काय? नवी नियमावली नको. बाह्य परीक्षकाने मौखिकीच्या आठ दिवस आधी संदर्भसूचीतल्या कुठल्याही पाच नोंदी निवडाव्यात आणि त्या पानांचे फोटो घेऊन यायला सांगावं. मोबाइल सगळ्यांकडे आहे. पाचांपैकी दोन पानं आली नाहीत तर प्रबंध परत. यावर हरकत येईल ती मला माहीत आहे: एकेका प्राध्यापकाकडे आठ-आठ विद्यार्थी, त्यात तास, परीक्षा, नॅकची कागदपत्रं, महाविद्यालयात ग्रंथपालाचं पद वर्षानुवर्षं रिकामं, हे कोण करणार? पण पाच पानं पाहायला वीस मिनिटं लागतात, आणि आज मौखिकीत त्याहून जास्त वेळ शाल-श्रीफळात जातो. दुसरी हरकत जास्त रास्त आहे. विद्यार्थ्याने अंक खरोखर पाहिला असेल, पण ग्रंथालयाने फोटो काढू दिला नसेल किंवा पान हातात घेताच तुटत असेल. अशा वेळी त्याने ग्रंथालयाचं नाव, दाखल क्रमांक आणि पाहिल्याची तारीख लिहावी. एवढ्यावर पुढचा माणूस तिथपर्यंत पोचू शकतो. आणि खूप शोधूनही पुस्तक हाती लागलंच नाही तर ‘मूळ पुस्तक मिळालं नाही, अवतरण अमक्याच्या ग्रंथातून घेतलं’ असं लिहू द्यावं. सध्या अशी ओळ कुणी लिहिलीच तर मार्गदर्शक ती खोडायला लावतात.